साडेचार किलो मसल

गादीला मी मारलं असं कोणी म्हणत नाही. म्हणणार तरी कोण? त्या गोष्टीची खबर आमच्या स्टोअरमध्ये दोघांनाच होती, आणि त्यातला एक तोच. शिवाय मी त्याला हातही लावला नाही. फक्त एक वाक्य बोललो. एका वाक्यानं माणसं मरायला लागली तर जगात कोणी शिल्लकच राहायचं नाही.

त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. गादी हे नाव मीच ठेवलं, तो कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात. ते असं चिकटलं की पुढं मॅनेजरसुद्धा फोनवर "जरा गादीला द्या" म्हणायला लागले. माणूस होताच तसा. रुंद, मऊ, कुठूनही दाबा, तक्रार नाही. आमच्या दोन रॅकमधली वाट अडीच फुटांची. तो आडवा होऊन शिरायचा आणि शिरताना स्वतःच ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या, मागे घ्या, डावीकडं कापा!" लोक पोट धरून हसायचे. किती दिलखुलास माणूस, म्हणायचे. दिलखुलास कसला, घाबरट होता. आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं हसू कमी लागतं, अशी त्याची समजूत होती. पंधरा वर्षांत ती काही खरी ठरली नाही.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आमची कंपनी पंप बनवते. स्टोअरमध्ये नऊ हजार तऱ्हेचे सुटे भाग. प्रत्येकाचा खण वेगळा आणि खणाला एक कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक. कॉम्प्युटर आला तरी त्यानं कार्डं सोडली नाहीत. वीज गेली की सगळे हातावर हात ठेवून बसायचे, आणि हा अंधारात जाऊन हवं ते बेअरिंग बोटांनी चाचपून आणायचा. मी खिडकीवर स्लिपा घ्यायला. माणसं माझ्यासमोर उभी राहायची, माझ्या डोक्यावरून आत बघायची आणि विचारायची, "गादी नाही का?" पंधरा वर्षं मी हे ऐकलं. म्हणून सांगून टाकतो, मला तो आवडत नव्हता. वाईट माणसाचा राग चारचौघांत काढता येतो, चांगल्याचा काढता येत नाही. मी तो चेष्टेत काढायचो.

मागल्या वर्षी कंपनीला एकाएकी आमच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. एचआरच्या बाईंनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं की बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, शिफ्टच्या आधी व्यायाम. तोही साधासुधा नाही. वीस सेकंद जीव तोडून उड्या, दहा सेकंद थांबायचं, की पुन्हा वीस सेकंद जीव तोडून. अशा आठ फेऱ्या, मग दोन मिनिटं दम खाऊन परत आठ. थोड्या वेळात जास्त चरबी जळते म्हणे. शिकवायला एक ट्रेनर आणला. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नाव शिट्टी. हेही मीच ठेवलं.

आणि एक यंत्र आणलं. दर दुसऱ्या गुरुवारी त्यावर अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी धरायच्या. अंगातून वीज जाते, पण इतकी बारीक की कळतही नाही. मग खालून कागद बाहेर येतो: वजन इतकं, चरबी इतके टक्के, मसल इतके किलो. प्रत्येक खात्याची सरासरी नोटीस बोर्डावर. बाराव्या आठवड्यात ज्या खात्याची चरबी सगळ्यात जास्त उतरलेली असेल, त्या खात्याला वर्षभर शनिवारची सुट्टी.

वर्षभर शनिवार! आम्ही सहा दिवस राबणारी माणसं. रविवार कपडे धुण्यात आणि सोमवारच्या धास्तीत जातो. फोर्कलिफ्टवाल्याची आई दुसऱ्या गावी एकटी, त्याला तिच्याकडं जायचं होतं. आमच्याकडं कॉम्प्युटरवर बसणारी काकू होती, तिला लेकीच्या बाळंतपणाला हक्काचे दिवस हवे होते. मला नुसतं झोपायचं होतं. स्टोअरमध्ये आम्ही इन मीन चार माणसं, आणि चौथा गादी.

पहिल्या मोजणीत त्याची चरबी अडतीस टक्के निघाली. अख्ख्या कंपनीत पहिला नंबर, उलट्या बाजूनं. काकू त्याच्या तोंडावर म्हणाली, "ह्यांना दुसऱ्या खात्यात नाही का टाकता येणार?"

"अर्धा पॅकिंगला द्या," गादी म्हणाला. "मी वाटून घ्यायला तयार आहे."

सगळे हसले. पण नंतर तो खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "मला आजवर कुणी कशात घेतलंच नाही रे. शाळेतसुद्धा खेळ सुरू झाला की सगळ्यांच्या चपला राखत बसायचो. इथं नाइलाजानं का होईना, घेतलंय. तुमचे शनिवार माझ्यामुळं बुडाले तर तोंड कुठं लपवू?"

"तुझं तोंड लपेल एवढी जागाच कुठं आहे?" मी म्हणालो. तो हसला.

व्यायाम स्टोअरच्या मागच्या आवारात व्हायचा, लाकडी पॅलेटांच्या दोन थप्प्यांमध्ये रबराच्या चटया टाकून. पहिला महिना गादीच्या नाकी नऊ आले. जमिनीवर झोपून उठायचं आणि उडी मारायची, असा एक प्रकार होता. हा झोपायचा, आणि उठेपर्यंत वीस सेकंद संपलेले असायचे. शिट्टी वरून ओरडायचा, "सर, चरबी रडतेय, रडू द्या तिला!" पॅलेटांमागं जाऊन गादी ओकायचा, चूळ भरायचा आणि परत येऊन उभा राहायचा. घरी बायको उकडलेलं देत होती, तेच डब्यात. महिनाभरात चरबी एकच टक्का उतरली. आम्ही खालून दुसरे होतो.

आणि मग सहाव्या आठवड्यापासून चमत्कार झाला. वजन वाढायला लागलं आणि चरबी उतरायला. आधी चौतीस. आठव्या आठवड्यात बत्तीस. कागदावर मसल साडेचार किलोंनी वाढलेले. शिट्टीनं तो कागद सगळ्यांसमोर उंच धरला. "वजन वाढलं म्हणून घाबरतात लोक. बघा! चरबी गेली, मसल आले. याला म्हणतात बॉडी कॉम्पोझिशन!" एचआरच्या बाईंनी फोटो काढून बोर्डावर लावला. लोक त्याला पैलवान म्हणायला लागले. डिझाईन खात्यातल्या मुली, ज्यांनी आजवर त्याच्याकडं मान वळवून पाहिलं नव्हतं, त्या विचारायला आल्या, "काका, नाश्त्याला काय खाता?" स्टोअर एकदम पहिल्या नंबरावर. सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि तो बापडा चढला. अंगाबरोबर शिवलेला शर्ट घालून यायला लागला. मी त्याला इतका आनंदात कधी पाहिला नव्हता, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यात तो रॅकजवळच्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्यांशी झटापट करत होता. नाड्या एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या.

"मसल वाढले रे," तो म्हणाला. "बूट लहान झाले."

मोज्याची कड पायात रुतली होती, दोरीनं आवळल्यासारखी. "बघू तुझे मसल," म्हणून मी चेष्टेनं त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. काढला, तर खड्डा तसाच राहिला, मळलेल्या पिठात बोट खुपसल्यावर राहतो तसा. तो खड्ड्याकडं बघून हसला. म्हणाला, "रस्ता खराब झालाय, डांबर टाका." आणि एवढं बोलायला त्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.

मला हसू आलं नाही. हा खड्डा मी आधी पाहिला होता. माझे वडील ज्या वर्षी गेले, त्या वर्षी त्यांच्या पायांवर. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, एवढं मला तेव्हापासून ठाऊक आहे.

यंत्र कंपनीत आलं ते आमच्याच आवक खिडकीवरून. खोकं मी उघडलं होतं, आणि त्यातलं माहितीपुस्तक सवयीनं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ते काढून वाचलं. वीज पाण्यातून सहज जाते. मसलमध्ये पाणी असतं, चरबीत जवळजवळ नसतं. म्हणून जिथं पाणी सापडेल तिथं यंत्र मसल धरतं. आणि खाली, वेगळ्या चौकटीत: अंगावर सूज असलेल्या व्यक्तीचं माप ग्राह्य धरू नये, तिला डॉक्टरकडं पाठवावं.

म्हणजे बोर्डावर ज्यांचा फोटो होता ते साडेचार किलो मसल नव्हतेच, पाणी होतं. मी पुस्तक परत ठेवलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. आमच्या मागं डिझाईनवाले एका टक्क्यानं होते.

दोन दिवसांनी गादीची बायको गेटवर आली. मला बोलावून घेतलं. ती मला भावजी म्हणायची.

"भावजी, हे रात्री आडवे होत नाहीत. आडवं झालं की दम लागतो म्हणतात. खुर्चीत बसून झोपतात. व्यायामानं असं होतं का?"

"होतं, वहिनी. छातीचे मसल वाढलेत, वजन पडतं," मी म्हणालो. इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

"तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असेल," ती म्हणाली. पण बाई नवऱ्यासारखी भोळी नव्हती. त्याच दिवशी त्याला ओढून डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी पाय दाबले, छाती ऐकली, व्यायाम बंद करा म्हणाले, हृदयाची तपासणी लिहून दिली आणि पाणी काढायची गोळी सुरू केली, रोज सकाळी एक. व्यायामाचं त्यानं बायकोला खोटंच सांगितलं. सकाळी लवकर निघायचा तो माल उतरवून घ्यायला, असं.

गोळीनं काम केलं. गादी दिवसातून बारा वेळा बाथरूमला जायला लागला. आठवडाभरात पाय उतरले, बूट पायांत जायला लागले, चार पायऱ्या चढून बोलता यायला लागलं. रात्री आडवा झोपतो म्हणाला. आणि दहाव्या आठवड्यात यंत्रावर उभा राहिला तेव्हा वजन पाच किलोंनी खाली आणि चरबी सदतीस टक्के. स्टोअर पहिल्यावरून तिसऱ्यावर.

शिट्टीनं कागद पाहिला, त्याच्याकडं पाहिलं. "सर, काय खाल्लंत? सगळी मेहनत मातीत घातलीत!" दुपारपर्यंत बोर्डावरचा फोटो उतरला. काकू त्याच्याशी बोलेना. फोर्कलिफ्टवाल्यानं आईला फोन करून सांगितलेलं होतं, ते परत फोन करून मोडायचं कसं, हे तो गादीला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला. पैलवानाचा पुन्हा गादी झाला, आणि या खेपेला त्याला स्वतःवर विनोद सुचेना.

तो गोळ्यांची पट्टी घेऊन माझ्याकडं आला. "तू वाचतोस बिचतोस. या गोळीमुळं तर नाही झालं?"

इथं मला खरं बोलता आलं असतं. ड्रॉवर उघडून पुस्तक त्याच्यापुढं टाकता आलं असतं. मनात आलंही. पण पुस्तक दाखवलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता की हे तुझ्याकडं कधीपासून आहे. शनिवार गेले असते ते वेगळेच. मी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि ते वाक्य बोललो.

"ही गोळी मसल खाते."

त्याचा चेहरा पडला. "साडेचार किलो?"

"गेले की सगळे. कागद बघ ना."

"मग काय करू?"

"दोन आठवडे थांबव. मोजणी झाली की घे, कोण नको म्हणतंय?"

"ही रोज सकाळी हातात देते. गिळेपर्यंत समोर उभी असते."

"गालात धर. बाहेर आलास की काढ." एका वाक्याची चार-पाच झाली म्हणा. "आणि ती तपासणी पुढं ढकल. मोजणीच्या आधी डॉक्टरानं झोपवून ठेवलं तर?"

त्यानं मान हलवली. कुणीतरी आपल्या बाजूनं विचार करतंय, याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं. माझा हात हातात घेऊन दाबला. त्याचा हात गार होता.

पुढचे चौदा दिवस मी त्याला भरताना पाहिलं. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग मांड्या, मग पोट. डोळ्यांखाली पिशव्या आल्या. शिट्टी खूश. "कमबॅक बघा, कमबॅक!" गादी आठातल्या तीन फेऱ्या करायचा आणि उरलेल्या वेळात गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा राहायचा. माझ्याकडं बघून अंगठा दाखवायचा. मीही दाखवायचो.

शेवटच्या गुरुवारी सगळी कंपनी आवारात जमली. गादी यंत्रावर चढला. एकशे तीन किलो. चरबी तीस टक्के. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूनं तर शिट्टीची शिट्टी ओढून घेऊन वाजवली. आमची सरासरी डिझाईनच्या पुढं गेली, अर्ध्या टक्क्याहून कमी अंतरानं. गादी रडत होता. मला म्हणाला, "परत आले रे, सगळे परत आले." ओठ निळे पडले होते. आनंदानं माणसाचे ओठ निळे पडत नाहीत, एवढं मला कळत होतं.

एचआरच्या बाईंना कंपनीच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ हवा होता. "पैलवान, आठ फेऱ्या होऊन जाऊ द्या!" तो नाही म्हणाला नाही. तो कशालाच नाही म्हणत नसे. पहिली फेरी केली. दुसरी केली. तिसरीच्या मध्यात चटईवर बसला, आणि मग सावकाश मागं आडवा झाला.

शिट्टी मोजत राहिला, "दहा सेकंद विश्रांती! पाच, चार, तीन..." लोक हसायला लागले. आयुष्यभर त्यानं सोंगं केली होती, हे आणखी एक सोंग वाटलं सगळ्यांना. कुणीतरी ओरडलं, "गादी घातली बघा, झोपा आता!" हशा पिकला. मी हसलो नाही. हललोही नाही. दोन फेऱ्यांचा वेळ गेल्यावर काकूच्या लक्षात आलं की त्याचे डोळे उघडे आहेत.

हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच तो गेला होता.

कंपनीनं दोन मिनिटं शांतता पाळली. व्यायाम बंद झाला, यंत्र खोक्यात घालून परत आमच्याच आवक खिडकीवर आलं. डिझाईनवाल्यांनी दबक्या आवाजात विचारलं की निकालाचं काय. मॅनेजरनं विचार करून सांगितलं की मोजणी आधी झाली होती, तेव्हा ती धरावी लागेल, आणि शनिवारची सुट्टी गादीच्या स्मरणार्थ समजावी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मला ही म्हण ऐन वेळी आठवली, आणि मी गप्प बसलो.

त्याचे खण माझ्याकडं आले. आठवड्यानं वॉशरच्या रॅकमध्ये अगदी खालच्या ओळीत एक खण सापडला, त्यात गोळ्या. चौदा. गालात धरून ओल्या झालेल्या, नंतर वाळून कडा विरघळलेल्या. फेकायचं त्याच्या जिवावर आलं असणार; स्टोअरमधली वस्तू तो कधी फेकत नसे. खणाला रीतसर कार्ड लावलेलं होतं. रोजची तारीख, रविवारचीसुद्धा, आवक एक, जावक शून्य. चौदाव्या ओळीत शिल्लक चौदा. अक्षर शेवटच्या तीन ओळींत वेडंवाकडं झालं होतं. मी गोळ्या बाथरूममध्ये टाकून पाणी सोडलं आणि कार्ड बारीक फाडलं.

पहिल्या शनिवारी मी वहिनींना भेटायला गेलो. जायला हवं होतं. त्या एकट्याच होत्या. त्याची खुर्ची खिडकीशी, पाठीला अजून दोन उशा लावलेल्या. त्यांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि बसल्या.

"गोळी चुकवली नाही हो त्यांनी एकदाही," त्या म्हणाल्या. "मी स्वतः हातावर ठेवत होते. मग कसं झालं?"

मी चहाचा घोट घेतला.

"एक विचारू, भावजी? डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं होतं. पण त्यांना अळणी घास उतरायचा नाही. डबा तसाच परत यायचा. मग मी शेवटी शेवटी चिमूटभर घालत होते. त्यांना न सांगता." त्यांनी पदराची गाठ उलगडली, पुन्हा बांधली. "डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. तुम्ही वाचता, तुम्हाला माहीत असतं. त्यानंच झालं का?"

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी पुढं विचारलं असतं, मग कशानं.

"मिठानं पाणी साठतं, वहिनी," मी म्हणालो. "डॉक्टर उगाच सांगत नाहीत."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. "चिमूटभरच होतं हो," म्हणाल्या, आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या.

मी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि निघालो.